मागची गाडी

मी शिकवतो त्या विषयाचं वेळापत्रकातलं नाव भारदस्त आहे: 'व्यावसायिक नीतिमूल्ये आणि सामाजिक उत्तरदायित्व'. मुलं त्याला 'एथिक्स' म्हणतात, शिपाई 'इथिक' म्हणतो, आणि तास शनिवारी दुपारी असल्यामुळे आमच्या घरात त्याला 'शनिमाहात्म्य' म्हणतात. पनवेलच्या बाजूला एक कॉलेज आहे, तिथे डिझाइन, इंजिनिअरिंग आणि एमबीए अशी तीन दुकानं एकाच छपराखाली चालतात. विषय तिघांनाही सक्तीचा. तिन्हीकडच्या प्राध्यापकांनी तो एकमेकांकडे ढकलत ढकलत शेवटी माझ्यापर्यंत आणला. सरकारी नोकरीत रस्ते आणि मोऱ्या बांधून निवृत्त झालेल्या माणसाला नीतिमत्ता शिकवायला नेमण्यातला विनोद नेमणाऱ्यांना कळला नसावा. मला कळला होता, पण दुपारी घरी बसून पंखा बघण्यापेक्षा हे बरं.

वर्गात तीन बेटं असतात. डिझाइनवाले भिंतीकडेला, मान खाली घालून सतत काहीतरी चितारत. त्यांच्या वह्यांत मी माझीच चित्रं पाहिली आहेत, आणि पोट इतकं काढायची गरज नव्हती. इंजिनिअरिंगवाले मागच्या बाकांवर. एमबीएवाले पुढे, इस्त्रीचे शर्ट घालून, माझ्या प्रत्येक वाक्यातून आपल्याला काय मिळणार याचा हिशेब मांडत.

पहिल्या तासाला मी सगळेच सांगतात ती दिव्याची गोष्ट सांगितली. रात्री सरकारी काम करताना सरकारी मेणबत्ती, आणि खाजगी पत्र लिहायला घेतलं की ती विझवून स्वतःची. ही गोष्ट मी तिसरीत चाणक्याची म्हणून ऐकली, सातवीत विश्वेश्वरय्यांची म्हणून, आणि नोकरीत असताना एका निरोप समारंभात चक्क सत्कारमूर्तींची म्हणून ऐकली. ते गृहस्थ ऑफिसची रीळं, टाचण्या आणि एकदा तर खुर्चीही घरी नेत, हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या तरीही पडल्या. माझ्या वर्गात टाळ्या पडल्या नाहीत. मागून एका मुलानं विचारलं, "सर, कॉलेजच्या प्लगवर माझा मोबाइल चार्जिंगला लावलाय. काढू?"

मी बोर्डाकडे पाहिलं. त्याच्या मोबाइलशेजारी माझाही होता.

तेव्हाच ठरवलं, की हा विषय वर्गात शिकवायचा नाही. निदान जिथे माझा चार्जर नाही अशा ठिकाणी शिकवायचा.

आपटा हे डिझाइनच्या एका मुलीनं सुचवलं. नीतिमूल्यांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, तिला ते स्टेशन पाहायचं होतं. १९९५ साली आलेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट तिथे चित्रित झाला, हे या मुलांना पाढ्यासारखं पाठ आहे. त्यांच्या जन्माआधीचा सिनेमा, पण बापानं मुलीचा हात कुठल्या क्षणाला सोडला हे त्यांना माझ्यापेक्षा नेमकं सांगता येतं. दसरा आठवड्यावर आला होता. पनवेलहून आम्ही रोह्याकडे जाणारी गाडी धरली. सोमाटणे, रसायनी आणि मग आपटा. रसायनी हे नाव कुठल्या देवीचं नाही, तिथल्या सरकारी रसायनांच्या कारखान्यावरून आलेलं आहे, हे मी सांगितलं, तर एमबीएचा एक जण म्हणाला, "वा, ब्रँडिंग!"

आपट्याचं स्टेशन लहान, चारी बाजूंनी हिरवं. भाताला लोंब्या आलेल्या. कोकणातल्या लांब पल्ल्याच्या गाड्या इथे न थांबता धूळ उडवत निघून जातात आणि त्यांच्यामागून पुन्हा शांतता येऊन बसते. मुलांनी आधी फोटो काढून घेतले. एकानं हात पुढे केला, दुसरी ओढणी सावरत पळाली, आणि सिमरनच्या बापाचं काम मला देण्यात आलं. मी हात जरा उशिरा सोडला, म्हणून दोनदा करावं लागलं.

मग मी त्यांना फलाटावरच बसवलं आणि विचारलं, "आता सांगा. धावत्या गाडीच्या दारात उभं राहून तो हात पुढे करतो. ती पळते. पडली असती तर? गाडीत साखळी असते. एवढ्या मोठ्या डब्यात ती ओढायचं एकालाही का सुचलं नाही?"

यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणणं चर्चेचा अपमान आहे. इंजिनिअरिंगवाल्यांनी गाडीचा वेग आणि मुलीचा वेग यांचं गणित मांडलं आणि लेहेंगा घालून तो वेग शक्य नाही असा निर्वाळा दिला. डिझाइनच्या पोरींनी दाराची दांडी कुठे असायला हवी होती ते वाळूत काढून दाखवलं. एमबीएवाल्यांनी कायदा मोबाइलवर काढला. १९८९ चा रेल्वे कायदा, कलम १४१: वाजवी आणि पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "हजारच ना?" एक जण म्हणाला. "लग्नाच्या बजेटमध्ये सहज बसतात."

"पण प्रेम हे पुरेसं कारण आहे का?" डिझाइनच्या मुलीनं विचारलं.

या प्रश्नावर पाऊण तास गेला. प्रेमाच्या बाजूनं मतं जास्त पडली, तेही बहुतेक ज्यांचं कुठेच जमलेलं नव्हतं त्यांची. मी मध्ये पडलो नाही. तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो: बैठक रंगली की अध्यक्षांनी चहा सांगावा. चहा आला. तेव्हा पेणहून रोज ये-जा करणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा, जो एरवी तासाला हजेरीपुरतं बोलतो, कप खाली ठेवून म्हणाला, "सर, साखळी ओढली की मागची गाडी पण थांबते."

"बरं, मग?"

"मागच्या गाडीत कुणाची तरी व्हायव्हा असते. गेल्या वर्षी माझी होती. पुढे कुणीतरी साखळी ओढली होती. कशासाठी ते मला आजपर्यंत माहीत नाही. असेल प्रेमबीम. बाहेरून आलेले एक्स्टर्नल थांबले नाहीत."

कुणी हसलं नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात सामाजिक उत्तरदायित्वाची व्याख्या दीड पानाची आहे, त्यात 'भागधारक' हा शब्द सात वेळा येतो. माझ्या टिपणवहीत मी ती खोडली आणि तिथे लिहिलं: मागची गाडी.

गाव स्टेशनापासून पुढे, पाताळगंगेच्या अंगाला. चालत निघालो. नदी पाहून मुलं हरखली, कारण पाणी होतं. मी म्हटलं, आत्ता पाऊस नुकताच संपलाय, यात नवल नाही. उन्हाळ्यातही या नदीला पाणी असतं, आणि ते वरच्या घाटमाथ्यावरचं असतं. लोणावळ्याच्या बाजूला पडलेला पाऊस खरं म्हणजे इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जायचा. टाटांनी तो तलावांत अडवला, नळांतून घाट उतरवला, आणि १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरात त्याच्यावर मुंबईसाठी वीज करून ते पाणी पाताळगंगेत सोडलं. पूर्वेच्या समुद्राचं पाणी पश्चिमेच्या समुद्राला मिळालं. अर्धा किलोमीटर उंचीवरून उतरलेलं पाणी! इंजिनिअरिंगवाल्यांचे डोळे असे चमकले की मला माझं कॉलेज आठवलं. त्या वयात आम्हीही उंची आणि दाब यांच्याच प्रेमात होतो. पाण्याखाली काय गेलं हे विचारायचं डोक्यात आलं नव्हतं, कारण तो प्रश्न परीक्षेला येत नसे.

"तुमच्यापैकी कोलाडला राफ्टिंगला कोण गेलंय?" मी विचारलं. एमबीएची जवळजवळ सगळी बाकं हात वर करून उभी राहिली. त्यांना 'टीम बिल्डिंग'साठी नेलं होतं. मग मी सांगितलं, की तुमची बोट ज्या कुंडलिकेवर उड्या मारत होती ती उन्हाळ्यातही वाहते, कारण भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं. ते पाणी मुळशीचं. आपण ज्या गाडीनं आलो ती पुढे जिथे संपते त्या रोह्यावरून तीच कुंडलिका जाते. मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या गावांच्या जमिनी जाणार होत्या, म्हणून १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापट होते. हा गृहस्थ इंजिनिअरिंग शिकायला एडिंबराला गेला आणि बाँबची विद्या घेऊन परतला. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी पहिल्या लढ्यांमध्ये मुळशीचं नाव घेतात. धरण झालं. १९२७ मध्ये भिऱ्याला वीज सुरू झाली. मुंबई उजळली, ट्रामी आणि गिरण्या चालल्या, आणि शेत तळ्याखाली गेलेल्या माणसाला त्यातला दिवा मिळायला किती काळ जावा लागला असेल, याचा अंदाज तुमचा तुम्ही करा.

एमबीएचा तो ब्रँडिंगवाला हळूच म्हणाला, "सर, मग वीज करायची नाही का?"

हा प्रश्न मला आवडला. खरं सांगायचं तर याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी म्हटलं, करायची, पण मागच्या गाडीत कोण बसलंय ते आधी उतरून पाहायचं. तो म्हणाला, "त्यासाठी सीएसआर असतो ना, सर. दोन टक्के." २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, ते त्याला बरोबर माहीत होतं. मी विचारलं, "आणि उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के मिळवताना?" तो म्हणाला, "तो दुसरा पेपर आहे."

नदीकाठी सावलीत डबे उघडले. आता एक गोष्ट, जी मी त्या दिवशी मुलांना सांगायचं ठरवून गेलो नव्हतो. आपटा फाट्याशी गोव्याकडे जाणारा महामार्ग लागतो. याच रस्त्यानं खाली गेलं की महाड. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथे सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल पुरात गेला. अंधारात दोन एसटी बस आणि काही मोटारी पाण्यात गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला सुरक्षित असल्याचं तेव्हा म्हटलं होतं. मुलांना ही बातमी पुसट आठवत होती. एकीनं विचारलं, "सर, पाहणी म्हणजे नेमकं काय करतात?"

मी पोळीचा तुकडा तसाच ठेवला.

आमच्याकडे एम.बी. असते, मोजमाप पुस्तिका. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, खोली कनिष्ठ अभियंता त्यात लिहितो आणि वरचा माणूस जागेवर जाऊन ताडून 'तपासले' असं लिहून सही करतो. त्या सहीवर ठेकेदाराचं बिल निघतं. मी वरचा माणूस होतो तेव्हाची गोष्ट. तालुक्याचं आणि रस्त्याचं नाव सांगत नाही. एकतीस मार्च, रात्रीचे नऊ. टेबलावर एम.बीं.ची चवड, कारण बारा वाजता वर्ष संपतं आणि निधी परत जातो. एका पाइप मोरीचं पान उघडलं. पायाची खोली दीड मीटर लिहिली होती. पाया भरून, वर भराव टाकून, रस्ता सुरूही झालेला होता. दीड मीटर आहे की एक, हे आता फक्त उंदीर सांगू शकले असते. लिहिणारा मुलगा प्रामाणिक होता, निदान मला तसं वाटत होतं. समोर वडापाव गार होत होता. मी लिहिलं 'तपासले' आणि सही केली.

"मग? पडली?" सगळे पुढे सरसावले.

नाही. तीसेक वर्षं झाली, उभी आहे. नुसती उभी नाही, तिच्या आधी आणि नंतर बांधलेल्या दोन मोऱ्या वाहून गेल्या आणि ही राहिली. पडली असती तर चौकशी झाली असती, काय तो निकाल लागला असता, सुटलो असतो किंवा अडकलो असतो. आता प्रत्येक जुलैत जोराचा पाऊस लागला की मी कूस बदलतो. त्या बाजूला एसटीनं जाताना मी त्याच बाजूची खिडकी धरतो आणि मोरी आली की खाली वाकून बघतो. शेजारचा प्रवासी समजतो मला उलटी होतेय आणि पाय आक्रसून घेतो.

मुलं हसली. मीही हसलो. पण पेणच्या त्या मुलाकडे पाहिलं तर तो हसत नव्हता.

मग विषय बदलावा म्हणून कॅनडातल्या अंगठीचं सांगितलं. तिथे १९२५ पासून नव्या इंजिनिअरांना एका समारंभात साधी लोखंडी अंगठी देतात. ती लिहित्या हाताच्या करंगळीत घालायची, म्हणजे आराखडा काढताना किंवा सही करताना ती कागदाला लागते. १९०७ मध्ये क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला आणि पंचाहत्तर कामगार मेले. पहिल्या अंगठ्या त्याच पुलाच्या लोखंडाच्या होत्या, असं तिकडे मोठ्या श्रद्धेनं सांगतात. ते खरं नाही. नीतिमत्तेच्या अंगठीलाही थापेचं कोंदण लागतंच. डिझाइनच्या मुलीनं लगेच वहीत करंगळी काढली आणि विचारलं, "पण सर, आता सही डिजिटल असते. अंगठी कशाला लागणार?" याचंही उत्तर माझ्याकडे नाही. माझा चार्जर जवळ नसल्यामुळे असेल, पण त्या दिवशी मी बऱ्याच वेळा 'माहीत नाही' म्हणालो.

परतताना, आपट्याला आलोच आहोत तर आपट्याची पानं नेऊ, असं पोरांच्या मनात आलं. एमबीएवाल्यानं रस्त्याकडेच्या झाडाची जोडपानाची फांदी मोडून आणली आणि सोनं वाटायला लागला. तेवढ्यात मी कौत्साची गोष्ट काढली. गुरू वरतंतू म्हणाले, मला फी नको. शिष्य म्हणाला, नाही, घ्याच. (आमच्या कॉलेजच्या हिशेब विभागाला ही गोष्ट सांगितली तर ते अविश्वासानं बघतात.) फार हट्ट केला तेव्हा गुरू चिडले आणि चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. कौत्स रघुराजाकडे गेला. राजानं यज्ञात सगळं देऊन टाकलेलं, हातात मातीचं भांडं. कुबेरानं घाबरून सोन्याचा पाऊस पाडला. कालिदासाच्या रघुवंशात तो राजाच्या खजिन्यात पडतो. आपट्याच्या झाडावर तो आपल्याकडच्या लोकांनी पाडला, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण खजिन्यातलं सोनं कुणाला मिळालंय? खरी गंमत पुढे आहे. कौत्स म्हणतो, मी चौदा कोटीच घेणार, वरचं माझं नाही. राजा म्हणतो, तुझ्यासाठी आलं ते माझं नाही. दोघंही नको म्हणताहेत. "हे निगोशिएशन उलटं चाललंय," एमबीएवाला म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या कपाळाला आठी पडली.

स्टेशनजवळ काकड्या घेऊन बसलेली एक आजी आमचं ऐकत होती. तिनं त्याच्या हातातली फांदी पाहिली आणि तोंडाला पदर लावला. "यो आपटा नाय रं बाबा, कांचन हाय. आपट्याचं पान ल्हान, जाड असतं."

पोरगा ओशाळला. मग सावरून म्हणाला, "आजी, बाजारात तर हेच विकतात ना?"

"इकतात की. मी पन इकते."

"आणि इथे?"

"हितं कोन घेल? हितं सगल्यांना कलतं. पनवेलला नेते."

गाडी येईपर्यंत आम्ही तिच्या सगळ्या काकड्या खाल्ल्या. तिनं दर वाजवी लावला, कदाचित आम्ही समोरच बसून खात होतो म्हणून. एमबीएवाल्यानं ती फांदी टाकली नाही. पनवेलला उतरेपर्यंत ती मांडीवर घेऊन बसला होता. विचारलं तर म्हणाला, "तोडलीच आहे सर, आता काय करू?"

सत्र संपलं. मुलांनी आपट्यावर वह्या लिहून दिल्या. कॉलेजच्या कार्यालयातून गुणपत्रक आलं, प्रत्येकाला पन्नासपैकी, सोमवारपर्यंत. बरोबर सल्लाही आला, की सर, या विषयाला सगळ्यांना चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान देऊन टाकतात, वह्या कुणी उघडत नाही, तुम्ही कशाला त्रास घेता. गुणपत्रकाच्या शेवटच्या रकान्यावर छापलं होतं: 'तपासले'. खाली सहीची जागा. बावन्न वह्या होत्या. तीन रात्री गेल्या, सोमवारही गेला, आणि मंगळवारी सही केली.